तात्यांची टेहळणी

बारावीचा निकाल लागला तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं, की कोणत्या कंपनीत पैसे गुंतवावेत हे पारखायचं काम मला करायचंय. त्यासाठी कॉलेजात कोणता विषय घ्यावा, हे सांगणारं फलटणजवळच्या आमच्या गावात कुणी नव्हतं.

हे डोक्यात शिरलं आईच्या किराणा दुकानात. एका कंपनीनं पुड्यातली बिस्किटं कमी केली, किंमत मात्र तीच ठेवली. गिऱ्हाइकं कुरकुरली, पण दुसऱ्या कंपनीच्या पुड्याला कुणी हात लावेना. एवढी पकड असलेल्या कंपनीत आपलीही चिमूटभर मालकी असावी, असं मला वाटून गेलं. चुलते ऐकून म्हणाले, "शेअर म्हंजी जुगार. पोरीला डी.एड. करा."

माझे वडील, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, सैन्यातून हवालदार होऊन परतलेले आणि आता ऊस करणारे. शेअर बाजारातलं त्यांना काहीच कळत नव्हतं. ते म्हणाले, "ठावं न्हाई त्या मुलखात आधी टेहळणी करायची, मंग पलटण न्यायची." दुसऱ्या दिवशी एक डायरी घेऊन ते एसटीत बसले. तीन दिवस फिरले.

परत आल्यावर त्यांनी डायरी उघडली. साताऱ्यातल्या बँक मॅनेजरनं सांगितलं होतं, कॉमर्स. मिरजेत त्यांच्या पलटणीतल्या मित्राचा मुलगा सुटीवर आला होता, तो मुंबईत म्युच्युअल फंडात काम करायचा. तो म्हणाला, अर्थशास्त्र.

"पर म्या दोघास्नी इचारलं, तुमी सोता काय शिकला? मॅनेजर शेतकी शिकलाय आन् ह्यो इंजिनेर."

"मग त्यानं अर्थशास्त्र कशाला सांगितलं?"

"नोकरीत गेल्यावर त्येच त्याला धडपडत शिकाय लागलं म्हणून."

तिसरं नाव सांगलीच्या हळद बाजारातल्या व्यापाऱ्याचं होतं. तो पोत्यातून मूठभर हळकुंडं काढायचा, एखादं मोडून आतला रंग बघायचा आणि अख्ख्या ढिगाचा भाव बोलायचा. तात्यांनी त्याला विचारलं, किती पोती उघडली म्हणजे फसगत होत नाही? तो हसला. "आमी अनुभवावर करतो. पर याचं बी शास्त्र हाय, संख्याशास्त्र. माझी पोरगी त्येच शिकली."

डायरी मिटून तात्या म्हणाले, "आता तू ठरव."

"संख्याशास्त्र," मी म्हणाले. "मूठभर बघून ढीग पारखायचा, कंपनीचंही तसंच की."

"तुला आवडतंय म्हणून, का हळदवाला म्हणाला म्हणून?"

मी खरं सांगितलं. गणिताच्या पुस्तकातली संभाव्यतेची उदाहरणं मी मुद्दाम शेवटी ठेवायची, ताटातला गोड घास ठेवावा तशी. "मंग झालं," ते म्हणाले.

प्रवेश घ्यायला आम्ही सांगलीला गेलो, तेव्हा प्राध्यापकबाईंनी स्पष्टच सांगितलं, "कंपनीचा ताळेबंद वाचायला आम्ही इथं शिकवत नाही. ते हिला बाहेरून शिकावं लागेल." मी खट्टू झाले. तात्यांनी पुन्हा डायरी काढून तेवढं लिहून घेतलं.

कॉलेज सुरू व्हायला महिना होता. आमचा ऊस जायचा त्या कारखान्यातले एक अकाउंटंट नुकतेच निवृत्त झाले होते. तात्यांनी त्यांना गाठलं. दर रविवारी मोटारसायकलवर मला मागे बसवून ते त्यांच्या घरी न्यायचे आणि स्वतःही शेजारी बसायचे. घसारा म्हणजे काय हे मला एका रविवारी कळलं, तात्यांना दोन रविवार लागले. पण त्यांनी ते सोडलं नाही. "आवं, मशीन झिजतं त्येचे पैसे धरायचे, असंच ना?" असं विचारून त्यांनी अकाउंटंटकाकांकडून खात्री करून घेतली.

त्या वर्षी कारखान्याच्या सभेत सभासद जेवणाकडे वळायच्या बेतात असताना तात्या उठले आणि नव्या बॉयलरचा घसारा किती धरलाय ते त्यांनी विचारलं. व्यासपीठावरून नीट उत्तर मिळालं. चुलतेही त्या सभेला होते. माझ्या विषयाबद्दल ते पुन्हा काही बोलले नाहीत.

पदवी झाली, पुढचंही शिक्षण झालं. पुण्यात एका गुंतवणूक कंपनीत मुलाखतीला गेले तेव्हा समोरच्या बाईंनी विचारलं, "संख्याशास्त्रच का घेतलंत?" मी त्यांना तात्यांच्या तीन दिवसांबद्दल सांगितलं. मग त्या माझं राहू देऊन तात्यांबद्दलच विचारत राहिल्या. नोकरी मला मिळाली. घरी फोन केला तर तात्या म्हणाले, "काम काय हाय त्ये आधी नीट समजून घे."