वायपरखालच्या जाळीतल्या अक्षता

ती घटना आजही आठवते, पण आठवताना आधी तांदळाचे दाणे डोळ्यांसमोर येतात, माणसं मागाहून. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. हे प्रकरण मात्र वर्दी उतरवून ठेवल्यावरचं, आणि तेही परमुलखातलं. त्यात एका सरळमार्गी नवरा-बायकोची अब्रू पणाला लागली होती, आणि ती त्यांनी स्वतः तोंड उघडल्याशिवाय वाचणार नव्हती. नावं मी कुणाचीच सांगणार नाही. त्यातली बरीच माणसं अजून तिथेच नोकरी करतात.

माझी शेवटची काही वर्षं पुण्यात वाहनचोरी पथकात गेली. सकाळची हजेरी झाली की ठाण्याच्या मागच्या आवारात जायचं आणि पकडून आणलेल्या गाड्यांभोवती एक फेरी मारायची, हा माझा नेम होता. चोर नंबर प्लेट बदलतो, चासी नंबर घासतो, वेळ पडली तर रंगही बदलतो. पूजेच्या खुणा काढायचं मात्र त्याला सुचत नाही. आपल्याकडे नवी गाडी आली की हळदकुंकवाचं स्वस्तिक, नारळ, चाकाखाली लिंबू आणि वरून अक्षता. हळद फटीत मुरते. अक्षता वायपरखालच्या जाळीतून आत पडतात आणि गाडी भंगारात जाईपर्यंत तिथेच राहतात. एका मालकाने जबाबात सांगितलं होतं की आमच्याकडे अक्षतांना केशर लावतात. जाळी उघडली, तर खरंच केशरी दाणे निघाले, आणि चोरट्याचं तोंड पाहण्यासारखं झालं.

निवृत्त झालो त्याच वर्षी मुलीचं बाळंतपण आलं आणि आम्ही दोघं जर्मनीत झिंडेलफिंगेनला गेलो. दोन हजारच्या दशकातली गोष्ट. गावात मोटारींचा प्रचंड कारखाना, जावईही त्याच धंद्यात इंजिनियर. आमच्या हिला बाळाचं करण्यात दिवस पुरत नसे. मी खिडकीशी बसून बर्फ बघायचो आणि कंटाळायचो. पोलिसाला रिकामं बसवणं ही शिक्षाच आहे.

जानेवारीतल्या एका शनिवारी टपालाने एक जाड पाकीट आलं. आत एक खरीखुरी गाडीची किल्ली आणि एक रंगीत जाहिरात. गावाबाहेरच्या एका गाडीविक्रेत्याने पाठवलेली. ही किल्ली आमच्या शोरूममधल्या गाडीला लागली तर गाडी तुमची, असा मजकूर. खाली मागच्या विजेत्यांचा फोटो. त्यात नऊवारी नेसलेली एक मुलगी, फेटा बांधलेला तिचा नवरा, गाडीला झेंडूचा हार आणि बॉनेटवर ठसठशीत स्वस्तिक.

"बाबा, बघा ना, आपली माणसं," जावई म्हणाले. "न्युरेम्बर्गला असतात. यांच्या तिथल्या दुकानात दसऱ्याला लागली त्यांना. इथे आमच्या महाराष्ट्र मंडळात सगळ्यांना पेढे वाटले होते."

"तुम्ही त्यांना गाडी चालवताना पाहिलंत?"

"तसं नाही पाहिलं. पण पेढे खाल्ले ना."

"वा जावईबापू, पेढ्यांवरून पंचनामा करता होय तुम्ही," मी म्हणालो. माझी मुलगी हसली, जावई जरा ओशाळले. पण त्यांचंही खरं होतं. त्यांच्या जुन्या गाडीत बाळाची ढकलगाडी मावत नव्हती आणि थंडी मी म्हणत होती. म्हटलं, चला, बघून तरी येऊ.

शोरूम झकपक होतं. मधोमध चंदेरी गाडी, तिच्याभोवती लाल दोरी. जावयांनी किल्ली दाराला लावली आणि ती फिरली. लगेच घंटा वाजली, विक्रेता धावत आला, हात हातात घेऊन हलवायला लागला. कॉफी आली, फोटो निघाला. मग त्याने कागद पुढे केले. जावयांनी मला मराठीत समजावलं. गाडी बक्षीस, पण ती नावावर होण्याआधी देखभालीचा करार यांच्याकडेच करायचा आणि त्याची अनामत आजच भरायची. उद्या ही संधी नाही.

इथे मी कान टवकारले. दान देणारा माणूस घाई करत नाही, घाई घेणाऱ्याला असते. मी उठलो आणि सवयीने गाडीभोवती फेरी मारली. वायपरखालच्या जाळीत वाकून बघितलं, तर आत गुलाबी झाक असलेले तांदळाचे दाणे. बॉनेटच्या फटीत हळदीची पिवळी रेघ. म्हणजे ही गाडी कोरी नव्हती. हिची पूजा झाली होती, आणि ज्यांनी केली ते हिच्यावाचून होते. जाळीच्या कडेला अडकलेले दोन-तीन दाणे मी रुमालात घेतले, बाकीचे जिथल्या तिथे राहू दिले. पुराव्याला आपण होऊन जागचा हलवायचा नसतो.

जावयांच्या हातात तोवर पेन आलं होतं. माझ्याकडे ना वर्दी, ना भाषा. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "अहो, आज अमावस्या आहे. अमावस्येला सही नको."

खरं तर अमावस्या केव्हाच होऊन गेली होती. पण सासऱ्यापुढे पंचांग उघडायची जावयांची हिंमत नव्हती. त्यांनी लाल होत विक्रेत्याला काहीतरी सांगितलं. तो आधी हसला, मग चिडला. किल्ली खिशात घालून आम्ही बाहेर पडलो.

"बाबा, काय विचार करेल तो आपल्याबद्दल?"

मी रुमाल उघडून दाखवला आणि सगळं सांगितलं. जावयांनी गाडी सुरू करता करता हात मागे घेतला. इथल्या सवयीने जर्मनमध्ये सुरुवात करून म्हणाले, "आल्झो, म्हणजे त्या फोटोतल्यांनाही मिळाली नाही."

घरी येऊन मंडळाच्या चिटणीसबाईंना फोन लावला आणि त्या दोघांचा पत्ता मागितला. बाईंचा आवाज एकदम थंड झाला. "काका, त्यांचं नाव नका काढू. त्यांचा फोटो बघून आपले काही लोक तिथे गेले. कुणी धड बोलत नाही, पण काहीतरी गडबड आहे. कमिशन मिळतं म्हणे त्यांना."

मनात म्हटलं, झालं. लुबाडणारा मजेत, आणि बोट भलत्याकडे.

दुसऱ्याच दिवशी मी आणि जावई रेल्वेने न्युरेम्बर्गला गेलो. छोटंसं घर होतं. फोटोतल्या मुलाने दार उघडलं आणि बाहेरच्या हवेबद्दल भरभरून बोलायला लागला. न विचारलेल्या गोष्टीवर माणूस फार बोलायला लागला की समजावं, विचारलेली गोष्ट त्याला टाळायची आहे. त्याच्या बायकोने, फोटोतल्या त्या मुलीने, चहा आणि चकल्या आणल्या.

"गाडी दिसली नाही खाली," मी सहज विचारलं.

"गॅरेजला दिलीय," तो म्हणाला.

मुलगी कपात साखर ढवळत राहिली. मी तिच्याकडे वळलो. "पूजेचा फोटो फार छान आलाय गं. अक्षता कसल्या केल्या होत्यास?"

"आंबेमोहोराच्या. आईने भोरहून पाठवला होता. इथला लांब तांदूळ मनाला येत नाही, काका."

मी रुमाल काढून टेबलावर उलगडला. आखूड दाणे, कुंकवाचा रंग अजून धरलेले. तिने ते बघितले आणि चमचा खाली ठेवला. मी तिला काही विचारलं नाही. नोकरीत मी एक शिकलो होतो, खरं बोलायला निघालेल्या माणसाला मधे प्रश्न घालून अडवू नये.

"कुठे मिळाले?" तिने विचारलं, आणि मी सांगायच्या आत रडायला लागली.

मग सगळं बाहेर आलं. किल्ली लागली, दोघांनी अनामत भरली. दसऱ्याला पूजा करायची म्हटल्यावर विक्रेत्याने हौसेने फोटो काढले. गाडी नोंदणी करून घरपोच देतो म्हणाला. पंधरवड्याने कळवलं की तुम्ही फक्त अंतिम फेरीत होतात, बक्षीस दुसऱ्याला लागलं. अनामत परत नाही, आमच्याकडून दुसरी गाडी घेतलीत तर वळती करू.

"तेव्हाच तक्रार का नाही केली?" जावयांनी विचारलं.

"पेढे वाटले होते ना," मुलगा म्हणाला. "मंडळात वाटले. तिकडे भारतात बाबांनी अख्ख्या गल्लीत वाटले. कोणत्या तोंडाने सांगू की गाडी मिळालीच नाही? मग आमचाच फोटो छापून आला. लोक फोन करायचे, खरंच लागली का रे? मी हो म्हणायचो. आता सगळ्यांना वाटतं मी त्यांचा दलाल आहे. मी काहीही म्हटलं तरी कोण विश्वास ठेवणार?"

मला त्याचा राग आला, आणि कीवही. गाडी दारात येण्याआधी पेढे वाटणं ही आपली जुनी खोड. आपल्याला आनंद साठवता येत नाही. त्यात वाईट काही नाही, पण वाटलेले पेढे परत घेता येत नाहीत, आणि तेवढ्यावर ते शोरूम बिनधास्त चाललं होतं.

"हे बघ," मी म्हणालो, "मी आता कुणाला हुकूम सोडू शकत नाही. पण तू गप्प राहिलास तर त्या फोटोवर पुढच्या माणसाची अनामत जाणार, आणि दलाल हे नाव तुला कायमचं चिकटणार. पुढच्या शनिवारी आमच्याकडच्या मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम आहे. तिथे उभा राहून सांग."

"नाही जमणार काका."

"मी सांगेन," मुलगी डोळे पुसत म्हणाली. ती उठली, देवघरातून एक किल्ली घेऊन आली. तिच्यावर कुंकवाचं बोट तसंच होतं. "ही परत मागितलीच नाही त्यांनी. मी रोज हिला फुलं वाहत होते. आता वाहणार नाही."

शनिवारी दोघंही आले. सभागृहात हलव्याचे दागिने घातलेली तान्ही मुलं, तिळगुळाची ताटं, गप्पांचा कल्लोळ. ते आत आले आणि आवाज उतरला. दोन बायकांनी चक्क पाठ फिरवली. चिटणीसबाईंना मी आधीच सगळं सांगून ठेवलं होतं. त्यांनी माईक मुलीकडे दिला, पण तो मुलाने घेतला.

"आम्हाला गाडी मिळाली नाही," तो म्हणाला. "आम्ही फसलो, आणि लाजेपायी तुम्हाला खोटं सांगितलं. माझ्यामुळे कुणी फसलं असेल तर मी हात जोडतो. कमिशन मात्र मी घेतलेलं नाही." त्याने ती किल्ली तिळगुळाच्या ताटाशेजारी ठेवली.

कुणी हललं नाही. मला वाटलं, पोराला मी उगाच तोंडघशी पाडलं. मग मागच्या रांगेतले एक पोक्त गृहस्थ उठले, खुंटीवरच्या कोटाच्या खिशातून किल्ली काढून आणली आणि पहिलीशेजारी ठेवली. "मी तर बायकोलाही सांगितलं नव्हतं," ते म्हणाले. त्यांच्या बायकोने त्यांच्याकडे असं बघितलं की लोक हसले, आणि त्या हसण्याने सगळं सैल झालं. आणखी काही जण पुढे आले. जावयांनीही आपली किल्ली ठेवली. पाठ फिरवलेल्या बायकांपैकी एकीने त्या मुलीच्या हातावर तिळगूळ ठेवला.

सोमवारी त्या किल्ल्या घेऊन आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. माझी मुलगी दुभाषी. समोर एक तरुण जर्मन अंमलदार बाई होत्या. मी निवृत्त पोलीस असल्याचं कळल्यावर त्यांनी खुर्ची पुढे केली, पण प्रत्येकाचा जबाब स्वतंत्र घेतला, एकमेकांसमोर नाही. मला ते फार आवडलं. अक्षतांचा मुद्दा आला तेव्हा त्या थबकल्या. "तांदूळ? गाडीवर? कशासाठी?"

"गाडी सुखरूप राहावी म्हणून," माझ्या मुलीने सांगितलं.

पुढचं मला आमच्या पोरांनी सांगितलं, कारण शोरूमवर गेलो त्या दिवशी मी बाहेर फुटपाथवर उभा होतो. बाई सहकाऱ्याला घेऊन शोरूममध्ये गेल्या, जाळी उघडायला लावली. मॅनेजर म्हणाला, कुणा गिऱ्हाइकाचं खाणं सांडलं असेल. तेव्हा आमच्या न्युरेम्बर्गच्या मुलीने घरून आणलेली उरलेल्या अक्षतांची पुडी शेजारी उघडली. तोच आखूड दाणा, तोच गुलाबी रंग. मग बाईंनी एकेक किल्ली दाराला लावली. प्रत्येक किल्ली फिरली. कुलूपच तसं करून ठेवलं होतं. मॅनेजरने ‘ती फक्त जाहिरात होती’ असं म्हणून बघितलं, पण विक्रेता घाबरला आणि सारं ओकला. एकच गाडी त्यांच्या गावोगावच्या दुकानांतून फिरत होती आणि ती कधीच कुणाला द्यायची नव्हती.

खटला उभा राहिला तोवर मी पुण्याला परतलो होतो. लोकांच्या अनामती परत मिळाल्या, ती जाहिरात बंद झाली, एवढं जावयांनी फोनवर कळवलं.

एवढ्या वर्षांच्या नोकरीनंतर ते प्रकरण मला एक गोष्ट शिकवून गेलं. ठकसेनाला हुशारी फार लागत नाही. फसलेला माणूस लाजेने गप्प बसेल, एवढा भरवसा त्याला पुरतो. आणि ती लाज मोडायला कायद्याच्या आधी कुणीतरी एकाने उठून ‘मी फसलो’ म्हणावं लागतं. फिर्यादीला मी नोकरीत अनेकदा ‘तुम्हाला कळलं कसं नाही?’ असं विचारायचो. आता ठाण्यातली तरुण पोरं भेटली की त्यांना सांगतो, तो प्रश्न विचारू नका.

पुढच्या वर्षी नातवाच्या वाढदिवसाला पुन्हा गेलो, तर त्या न्युरेम्बर्गच्या मुलाचा फोन. "काका, जुनीच घेतलीय, पण नावावर झालीय. नारळ तुम्ही फोडायचा."

गेलो. लहानशी हिरवी गाडी. मी नारळ फोडला, मुलाने लिंबांवरून चाकं नेली आणि गाडी कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आली. मुलगी हातात पेढ्यांचा पुडा घट्ट धरून उभी होती, तो तिने तेव्हाच उघडला. मग अक्षतांची वाटी घेतली, बॉनेटवर चार दाणे टाकले आणि उरलेली मूठ सरळ वायपरखालच्या जाळीत सोडली.

"अगं, एवढ्या?" तिचा नवरा म्हणाला.

"असू देत," ती माझ्याकडे बघून म्हणाली. "कधी कुणी विचारलं तर काकांना ओळखता यायला हवी, आपली कुठली ते."