हिरड्याची पुरचुंडी

जुन्नरात आम्ही दर महिन्याला शास्त्रीय गाण्याची फुकट बैठक भरवतो. सतरंज्या मंडपवाला देतो, चहा हॉटेलवाला. घाटघरचा एक म्हातारा गायकांच्या घशासाठी हिरडे आणायचा. पुरचुंडी तानपुऱ्याशेजारी ठेवून दाराशी बसायचा आणि तारा जुळल्या, की शेवटची एसटी गाठायला उठायचा.

"बाबा, गाणं राहिलं की!" मी एकदा म्हणालो.

"ऱ्हाऊ द्या, भाऊ. सूर घिऊन जातो. गाणं वाटंनं मीच मनात म्हणतो."

माझा मलाच राग आला. आम्ही बैठक दोन तास अलीकडे आणली, त्याला निरोपही धाडला. तेव्हापासून तो आलेला नाही.

पुरचुंडीत एकच हिरडा उरलाय. तारा जुळल्या, तरी घाटघरहून येणारी एसटी येईपर्यंत मी गायकाला हातानंच थांबवतो.