नावापुढे काय लावायचं

छायाने तो लहानसा लॅपटॉप घेतला तो हौस म्हणून नव्हे. तिला बस नकोशी झाली होती.

देवळाली कॅम्पाहून शहरात, शालिमारला जायचं, तिथल्या छापखान्यात दिवसभर कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका जुळवायच्या आणि संध्याकाळी बसमध्ये लोंबकळत परत यायचं, यात तिची उमेदीची वर्षं गेली. नवरा ट्रकवर, घरी आला तरी पाहुण्यासारखा. त्यात आदल्या वर्षी सासूच्या, कुसाबाईंच्या, उजव्या अंगावरून वारं गेलं. शेजारच्या लंकाबाई दुपारी डोकावून पाणी पाजून जात, पण त्यांनाही त्यांचं घर होतं. बाकीचा दिवस म्हातारी छताकडे बघत पडून असायची. कामावर छायाचं चित्त घरी, आणि घरी आल्यावर तिच्यात काही उरलेलं नसायचं.

२००९ साली हे स्वस्तातले छोटे लॅपटॉप दुकानांत दिसू लागले. दुकानदार म्हणाला, "ताई, पाटीएवढा आहे, पिशवीत मावतो. घरबसल्या काम करा." छापखान्याचे मालक भिमाजीशेठ आधी कुरकुरले, मग म्हणाले, "लग्नसराईभर करून बघ. जमलं तर कायमचं घरून कर." त्यांच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे पुष्कळ होतं.

पहिले काही दिवस बरे गेले. छाया खाटेला टेकून बसायची आणि कुसाबाई ती टकटक ऐकत पडायच्या.

"काय करती गं?"

"लग्न लावते, आई. मखमलाबादच्या एका माळ्याच्या नातवाचं."

"लाव लाव," म्हातारी म्हणायची, आणि तिला डुलकी लागायची.

पण यंत्राचं काही खरं नव्हतं. पडदा एवढासा, की पत्रिकेतला गणपती दिसला की वधू दिसेना, आणि वधू दिसली की आप्तेष्ट गायब. दिवस कलला की छायाचे डोळे चुरचुरायचे. बटणं तर खेळण्यातली वाटावीत. मोठ्या कीबोर्डवर शिफ्टचं लांब बटण उजव्या करंगळीखाली असतं. इथे ते कुणीतरी कोपऱ्यात ढकललं होतं आणि त्याच्या जागी वरच्या ओळीत नेणारा बाण बसवला होता. मराठी टायपिंगला शिफ्टवाचून पान हलत नाही. करंगळी सवयीने जायची, बाण दाबला जायचा आणि अक्षर वरच्या ओळीत जाऊन बसायचं. ते खोडायचं, पुन्हा उमटवायचं. दुकानदार म्हणाला, मोठा कीबोर्ड बाहेरून जोडता येतो. मोठा पडदा कुठून जोडायचा, ते मात्र तो म्हणाला नाही.

छायाची एक रीत होती. शुभकार्याच्या पत्रिकेत ती आधी जिवंत माणसांना श्री. आणि सौ. लावून घ्यायची; गेलेल्यांचं कै. सगळ्यात शेवटी. मंगल कामाची सुरुवात त्या अक्षराने नको, एवढंच. मखमलाबादच्या पत्रिकेत वरच्या ओळीत नवरदेवाचे आजोबा होते, श्री. बारकू, फुलांच्या मळ्याचे धनी. खालच्या ओळीत त्याच्या आईचे वडील, गेणू. ते वारलेले. त्यांचं तेवढं कै. राहिलं होतं.

नेमकी तेव्हा कुसाबाईंनी हाक मारली. अंथरूण ओलं झालं होतं. नजर खाटेकडे ठेवूनच छायाने ते एक अक्षर उमटवलं आणि ती उठली. करंगळी आधी बाणाला लागली होती, हे तिला कळलंच नाही. छापखान्यातही कुणी पाहिलं नाही, कारण छायाच्या हाताला प्रूफ लागत नाही, असं भिमाजीशेठच चारचौघांत सांगायचे.

पत्रिका अर्ध्या गावात वाटून झाल्यावर बारकूबाबा स्वतःच ती घेऊन छापखान्यात आले. शेठने छायाला बोलावून घेतलं.

"मला वाचाया येत नाय," बाबा म्हणाले. "सुनेनं वाचून दावलं. कै. बी लावलंय आन श्री. बी ठेवलंय. म्हंजे मी मेलो बी, आन हाय बी." आणि ते हसले. "सोयऱ्याचा एक मानूस तर टोपी काढूनच दारात आला."

त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर छायाला बरं वाटलं असतं. तिने हात जोडले. भिमाजीशेठ हसले नाहीत. म्हणाले, "उद्यापासून मोठ्या मशीनवर येऊन बस." तिने वाद घातला नाही. वाद घालायला अंगात त्राण लागतं.

सकाळी तिला पुन्हा साडी नेसून पिशवी भरताना पाहून कुसाबाईंनी विचारलं. छायाने झालं ते सांगितलं.

"कै. म्हंजे काय गं?"

"गेलेल्या माणसाच्या नावापुढे लावतात, आई."

"आन हाय त्याच्या?"

"श्री."

कुसाबाई चांगल्या हाताने चादर ओढून घेत म्हणाल्या, "आन जी हाय, पन दिसभर तिच्यापाशी कुनीच नाय, तिच्या नावापुढं काय लावत्यात?"

छायाच्या बोटांना उत्तर पाठ होतं. विधवेला गं. भा. लावतात. पण सासूने ते विचारलं नव्हतं. तिने पाण्याचा तांब्या डाव्या हाताला येईल असा ठेवला, लंकाबाईंना हाक मारली आणि ती बस गाठायला निघाली.