पट कोण जिंकला?

आमचा मामा बोलायला लागला की धानाच्या बांधीत अथेन्स उगवायचं. आसगावकडच्या शाळेत तो इतिहास शिकवायचा. नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, तोंडाशी बसलेल्या वरच्या गावाला तो स्पार्टा म्हणे, मधल्याला थेब्स, आणि शेपटाकडचं आमचं गाव अथेन्स. मी बी.ए.ला इतिहासातच दोनदा आपटलेलो, म्हणून मी 'पराभूत सेनापती'.

"बाबू, स्पार्टानं अथेन्सले हरवलं तवा थेब्स म्हणे, अथेन्स मातीत मिळवा. दहा वर्सं नाई झाली, तं दोघं मिळून स्पार्टाशी लढले. दुस्मनी हंगामी पीक हाय. जमीन तेच, बियाणं बदलते."

सत्तरच्या दशकात एका साली पाऊस लवकर गेला. धान लोंबीवर आलेलं आणि वरचं गाव नहराचं गेट उचलेना. आठवडाभरात सगळं वाळून तणीस झालं असतं. मधलं गावही कोरडंच; पण शंकरपटाच्या शर्यतीत कोणाची बैलजोडी जिंकली यावरून आमचं त्यांच्याशी बोलणं बंद होतं. त्या पटात शेवटच्या झेंडीपाशी पंच होता मामाच, आणि निकाल त्यानं आमच्या बाजूनं दिलेला.

तरी मामा मला घेऊन सायकलनं मधल्या गावी गेला. तिथल्या पाटलांनी पहिलंच विचारलं, "मास्तर, पट कोण जिंकला होता?"

"आमचीच जोडी!" मी छाती काढून म्हणालो. आमच्यासाठी निघालेला चहा दारातूनच परत गेला.

मामानं टोपी काढली. "तुमची जोडी पुढं होती, पाटील. नाकभर."

"तुमच्या गावात, पारावर बसून म्हणान हे?"

"म्हणन."

आणि म्हणाला. त्याच्या सख्ख्या भावानं पारावरच पाठ फिरवली. पण त्याच दिवशी मधल्या गावानं वरच्यांच्या गाड्यांचा बाजाराचा रस्ता अडवला, आणि तिसऱ्या दिवशी गेट वर गेलं! पाणी आमच्या शेवटच्या बांधीत शिरलं तेव्हा पाठ फिरवणारा तो भाऊच चिखलात नाचत होता.

पुढच्या साली मामा वरच्या गावी चहा पिताना दिसला.

"मामा, हे काहून?"

"थेब्स फार फुगून राहिलं, बाबू."

त्याच्या निवृत्तीला मधल्या गावानं बैलगाडीला तीच पटाची जोडी जुंपून पाठवली. मागं राहू नये म्हणून वरच्यांनी वाजंत्री धाडली. मी गाडीत मामाशेजारी, शिंगांना बांधलेल्या गोंड्यांकडे बघत बसलेलो. मामा माझ्या कानाशी वाकला.

"खरं सांगू, बाबू? त्या दिवशी झेंडीपाशी माह्या डोळ्यात धूळ गेली होती. कोण जिंकलं, मले दिसलंच नाई."

आणि मान ताठ करून त्यानं तिन्ही गावांचे हार गळ्यात घालून घेतले.