पाठमोरा वर्ग

बाजाराच्या दिवशी घरी कोणी आलेलं मला आवडत नाही. पिशव्या पसरलेल्या असतात, भाजी निवडायची असते. गेल्या आठवड्यात नेमकी तेव्हाच वैशाली आली... काखेत लॅपटॉप आणि चेहरा निकालाच्या दिवशीचा.

मोताळा तालुक्यातल्या एका शाळेत मी गणित शिकवायचे, तेव्हाची ही माझी विद्यार्थिनी. आता पुण्यातली नोकरी सोडून बुलढाण्याला आली आहे. खेड्यातल्या मुलांना आपलं आपण, आपल्या वेगाने शिकता यावं म्हणून तिने एक वेबसाइट तयार केली आहे.

कल्पना चांगली आहे, असं मी तिला म्हटलं होतं. मी सहसा असं म्हणत नाही.

"मॅडम, पोट्टे उघडूनच नाही राह्यले हो. पहिल्या दिवशी सगळे आले, चाचणी देली, अन् दुसऱ्या दिवसापासून गायब. हेडसर म्हणते, सोमवारपर्यंत कोणी दिसलं नाही तं बंद करू."

एका शाळेने बंद केलं की दुसरी कशाला घेईल? नोकरी तर सोडून बसलेली. तिचे डोळे भरून आले.

"रडायचं असेल तर आधी रडून घे," मी म्हटलं. "मग ते उघड."

शेजारची साक्षी नववीत आहे. दिवसभर बोलत असते. तिला हाक मारून लॅपटॉपसमोर बसवलं. पोरगी मजेत होती... पटापट बटणं दाबत होती, मध्येच मला विनोद सांगत होती. चाचणी संपली आणि स्क्रीनवर लाल पट्टी आली. 'तुझी पातळी : इयत्ता पाचवी.'

साक्षी गप्प झाली. मग उठली आणि माझ्या मेथीच्या जुडीपाशी जाऊन बसली.

"मी भाजी निवडू लागते तुम्हाले."

या मुलीने आयुष्यात कधी भाजी निवडलेली नाही. तिची आई रोज ओरडत असते. थोड्या वेळाने मान खाली घालूनच तिने विचारलं, "हे वर्गातल्या सगळ्यायले दिसते का, ताई?"

"नाही गं, फक्त तुलेच दिसते," वैशाली म्हणाली.

"मले दिसलं नं..."

वैशालीने लॅपटॉप मिटला. मी विचारलं, "आपली खोली आठवते का तुला?"

आमच्या शाळेत एका वादळात एका खोलीचे पत्रे उडाले होते. ते पुन्हा बसायला काही वर्षं गेली. तोवर सातवी आणि नववी एकाच खोलीत भरायची. पाठीला पाठ लावून. सातवीचं तोंड या भिंतीच्या फळ्याकडे, नववीचं त्या भिंतीच्या. मी सातवीला शिकवत असले की नववीने पाठमोरं बसून आपली गणितं सोडवायची. मग मी पलीकडे जायचे. दिवसभर अशा येरझाऱ्या... संध्याकाळी पाय दुखायचे, आणि खडूने पदर दोन्ही बाजूंनी पांढरा झालेला असायचा.

तपासणीला येणारे साहेब नाक मुरडायचे. म्हणायचे, इकडचं तिकडे ऐकू जातं, मुलांचं लक्ष कसं लागणार?

वैशालीला खोली आठवत होती.

"मॅडम, एक सांगू? मी अपूर्णांक तुमच्या सातवीतच शिकली... नववीत बसून. आईबाबांसंग कापूस वेचाले जात होती नं आधी, तं माझं सगळं राहून गेलं होतं. विचाराची लाज वाटे. मंग तोंड फळ्याकडे अन् कान मागं. कोणालेच समजलं नाही."

"मला समजलं होतं."

"हॅ! तुम्ही तं तिकडल्या फळ्याकडं तोंड करून राहत होत्या."

"सातवीचे अपूर्णांक सुरू झाले की तुझी पेन्सिल थांबायची. म्हणून तर तो धडा मी घसा फाटेपर्यंत मोठ्याने घ्यायचे."

वैशालीने तोंडावर हात ठेवला. "अन् आम्ही समजो, मॅडम सातवीवर चिडल्या!"

समजू दे. चिडकी म्हटल्याने मास्तरणीचं काही बिघडत नाही.

त्या दिवशी ती जेवूनच गेली. मेथी साक्षीने निवडली होती, त्यामुळे भाजीत काड्या होत्या. घरी जाऊन आधी वैशालीने ती लाल पट्टी काढून टाकली. आता नववीचं मूल आपलं गणित सोडवत असलं की बाजूला हळूच दुसरा एक धडा सुरू असतो. तो कितवीचा आहे हे कुठेही लिहिलेलं नाही. ऐकायचा तर ऐका. कोण ऐकतंय याची नोंद होत नाही. या भागाला तिने नाव दिलंय 'पाठमोरा वर्ग'.

लाल पट्टी गेल्याचं तिने वर्गात जाऊन सांगितलं, आणि सोमवारी शाळेतली अर्ध्याहून अधिक मुलं वेबसाइटवर परत आली. हेडसरांनी दिवाळीपर्यंत मुदत दिली आहे. दिवाळीनंतरचं दिवाळीनंतर बघू. साक्षी काल ओट्यावर बसून मोबाईलवर काहीतरी ऐकत होती. मी मुद्दाम तिच्याकडे पाठ करून रांगोळी काढत बसले.

त्या खोलीला मी इतकी वर्षं शाळेची अडचण म्हणूनच ओळखत होते... उडालेल्या पत्र्यांचे आभार मानायचं राहूनच गेलं होतं. आज मानते.

सातवीचे धडे मी माझ्या आवाजात द्यावेत, असा वैशालीचा हट्ट. आज सकाळी रेकॉर्डिंगला बसलो. पहिल्याच वाक्याला तिने कानावरचा हेडफोन काढला.

"मॅडम, जरा हळू बोला नं. माइक फाटून राह्यला."

"नाही बोलणार," मी म्हटलं. "मागच्यांना ऐकू गेलं पाहिजे."