वहिनीने काढलेला उतार

आमच्या वहिनीला घेऊन कुठे जायची सोय नाही. परवा डॉक्टरकडे बाबांचा नंबर आला, कंपाउंडर हाका मारतोय, आणि ही तिथल्या कपाटाखाली वाकून पत्र्याच्या घड्या बघतेय. "कोपऱ्यात खाच द्यायला हवी होती, नाही दिली म्हणून पत्रा फाटलाय," असं मलाच सुनावते, जणू कपाट मीच केलं. तिचं पोटापाण्याचं कामच ते. कॉम्प्युटरवर पत्र्याचे भाग काढायचे, जाडी किती, घडी कुठे ते ठरवायचं, मग सगळं उलगडून सपाट करायचं आणि कापणाऱ्याकडे पाठवायचं. करावं की. पण जेवतानाही तिचं बोट ताटाच्या कडेवरून फिरत असतं, त्याला मी काय करू?

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि घरात चाकाची खुर्ची आली. घर बैठं, पण दाराबाहेर चांगली उंच पायरी. मी त्यांना खुर्चीसकट उतरवायची, माझी कंबर धरायची आणि ते डोळे मिटून घ्यायचे. एक दिवस म्हणाले, "सामान उतरवल्यासारखं मला उतरवू नका. नाही जायचं मला बाहेर." आणि खरंच गेले नाहीत. दाराशी बसून फाटकाकडे बघत राहायचे.

वहिनी म्हणाली, "पायरीवरून खुर्ची उतरेल असा पत्र्याचा उतार करते. बाबा आपले आपण जातील." म्हटलं, चला, देव पावला. कसलं काय. कधीही विचारा, आज जाडी बदलली, आज खालच्या पट्ट्या वाढवल्या, आज घडीवर घडी येतेय.

"अहो वहिनी, साधी फळी टाकली असती तरी बाबा एव्हाना कोपऱ्यावर पोचले असते."

"फळी घसरते," ती म्हणाली आणि पुन्हा स्क्रीनमध्ये डोकं घातलं.

अखेर उतार आला. दारात तंतोतंत बसला, आणि मी कपाळावर हात मारला. दारातून निघताना आमच्या उजव्या हाताला भिंत आणि डावीकडे उघडं गटार. चाक बाहेर जाऊ नये म्हणून एका बाजूला पत्रा वर वळवून कड काढलेली, ती नेमकी भिंतीकडे. "फिरवून ठेवा मग," मी म्हटलं. फिरवला तर उंच टोक अंगणात जाणार. वहिनी खाली बसून कड बघायला लागली. गटार डावीकडे एवढं डोक्यात ठेवून तिने सगळं बाहेर उभं राहून, घराकडे तोंड करून काढलं होतं. समोरून बघायची सवय तिची.

"निघणारा आतून निघतो, वहिनी," मी तोडून बोललेच. बाबा एका हाताने खुर्ची मागे वळवायला लागले. ते बघून मला आणखी राग आला, तिचा आणि माझाही.

वहिनी उठली. "बाबा, जरा पलंगावर बसता? तुमची खुर्ची हवीये." आम्ही त्यांना बसवलं. ती स्वतः खुर्चीत बसली, उजवा हात मांडीखाली दाबला आणि डाव्याने रेटत दारापर्यंत आली. पुढे जायची हिंमत होईना. डावा हात काही धरायला चाचपडत राहिला.

"बाबा, मला भीती वाटली," ती म्हणाली.

"मलाही वाटते," बाबा म्हणाले. घरात हे त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या उताराची कड डावीकडे होती, खुर्चीत बसलेल्या माणसाच्या कोपराइतकी उंच, आणि वरची धार गोल वळवलेली, मूठ बसेल अशी. सवयीने मी खुर्चीची दांडी धरून मागे उभी राहिले. बाबांनी कड पकडली.

"हात काढलास का?" त्यांनी मागे न बघता विचारलं.

"काढला," मी खोटंच सांगितलं.

"नाही काढलास."

मग खरंच काढला. ते हळूहळू खाली गेले, पायाने रेटत फाटकाशी पोचले, डाव्या हाताने कडी उघडली आणि बाहेर पडले.

वहिनी उताराशी वाकून घडीवर बोट फिरवत होती. माझा जीव वैतागला. "वहिनी, पत्रा नंतर बघा. बाबा बघा, बाबा."

"तू बघ," ती मान वर न करता म्हणाली. "मला नीट दिसत नाहीये."