बुवांचं तोंड उत्तरेला

वरच्या मजल्यावरच्या काकू ठाण्याला टॉवरमध्ये राहायला गेल्या, तेव्हा जाताना तीन तुळशी, एक जुना मिक्सर आणि एक जिवंत कासव आमच्या तळमजल्यावर ठेवून गेल्या. "भाऊ, नव्या घरात सगळीकडे पांढऱ्या टाइल्स. सून नको म्हणते," असं त्यांनी बाबांना सांगितलं. "घरात बरकत यावी म्हणून आणलं होतं हो. टबात बोटभर पाणी ठेवा आणि तोंड तेवढं उत्तरेला करा. शब्द द्या." बाबांनी दिला. टॉवर मिळाला म्हणजे बरकतीचं काम झालं असावं, असं मी मनात म्हटलं.

आम्ही बौद्ध. आमच्या घरात वास्तूला नि मुहूर्ताला कधीच थारा नव्हता. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर बाबा मागच्या दारात टबापाशी उकिडवे बसून कासव फिरवतायत. कासवाने रात्रीतून तोंड आमच्या स्वयंपाकघराकडे केलं होतं.

"बाबा, तुम्हीसुद्धा?"

"माझा विश्वास नाही. पण शब्द दिलाय ना."

त्यानंतर हे रोजचंच झालं. कासव वळायचं, बाबा पुन्हा उत्तरेला लावायचे, म्हणजे ठाण्याला, काकूंच्या टॉवरच्या दिशेला. "काय बुवा, आज पुन्हा वाकडं तोंड?" असं विचारायचे, आणि मग बोलतच राहायचे. पेपरातल्या बातम्या, पोस्टातले जुने किस्से, आईच्या हातच्या भरल्या वांग्याची चव, काय वाट्टेल ते.

हे मी गॅस बारीक करून ऐकायचे. कारण आई गेल्यापासून बाबा माझ्याशी बोलायचेच बंद झाले होते. "जेवलात?" "हो." "बरं वाटतंय ना?" "हो." संपलं. माणूस घरात आहे की नाही कळू नये इतके गप्प. आता मागच्या दारातून त्यांचा आवाज यायला लागला, तो ऐकून मला खरंच रडू यायचं. माझ्याशी नाही तर नाही, कुणाशी तरी बोलतायत ना, म्हटलं.

माझं ऑफिस पवईला. जेवणाच्या सुट्टीत आम्ही तळ्याकाठी चक्कर मारतो. एकदा तिथे दगडावर ऊन खात बसलेली कासवं दिसली. चपटी, ओलीचिंब, पायाच्या बोटांना बदकासारखी कातडी. चाहूल लागली तशी सुळकन पाण्यात. मी थांबलेच. आमच्या बुवांची पाठ तर उलट्या वाडग्यासारखी फुगीर, काळ्यावर पिवळ्या चांदण्या. आणि पाय? खांबासारखे जाड, खवल्यांचे. त्या पायांनी पोहणार कसे?

संध्याकाळी फोनवर शोधलं आणि कपाळाला हात लावला. हे चांदणीचं कासव, पाण्यातलं नव्हेच. कोरड्या माळरानावरचं, काटेरी झुडपातलं, गवत खाणारं. खोल पाण्यात पडलं तर बुडून मरेल. शेजारच्या विंगमधले एकजण बाबांना कायम सांगायचे, "पवईच्या तळ्यात सोडा, पुण्य लागेल." पुण्य कसलं, खून झाला असता!

"म्हणजे काकूंनी त्याला इतकी वर्षं पाण्यात बसवलं?" बाबांनी विचारलं. मग टबाकडे बघत म्हणाले, "आणि मीही."

त्यांनी लगेच टब उपडा केला. आमच्या मागच्या दाराबाहेर मातीची एक पट्टी आहे. सोसायटीने सगळीकडे पेव्हर ब्लॉक घातले, तेवढी ती एक आईच्या जास्वंदीमुळे वाचली. तिथे बुवांना सोडलं. आधी गप्प. मग मान लांब करून मातीचा वास घेतला आणि चालायला लागले की! आणि काय चाल! जास्वंदीची पडलेली फुलं बकाबका खाल्ली, कढीपत्त्याला धडक दिली, अळूला वळसा घातला. बाबा मागोमाग चप्पल न घालता. "अगं, माळावरचा प्राणी आहे हा. आमच्या माणदेशातला वाटतो अगदी." उत्तर दिशेचं नावही काढलं नाही त्यांनी.

एका दुपारी बुवा हरवले. गेट पाहिलं, गटाराचं झाकण पाहिलं, वॉचमनला विचारलं. माझी पार वाट लागली होती. आणि बुवा कुठे? जास्वंदीखाली, माझ्या पायापासून हातभर. वाळक्या पानांवर उन्हाचे कवडसे पडले होते, त्यात ती चांदणीची पाठ अशी मिसळली होती की डोळ्यांसमोर असून दिसेना. टबात नक्षी वाटायची ती. इथे कळलं, की लपण्यासाठी आहे. आम्ही दोघं कितीतरी वेळ नुसते डोळे मिचकावून बघत बसलो. दिसायचं, जायचं, पुन्हा दिसायचं.

पण फोनवर मी आणखीही एक गोष्ट वाचली होती आणि ती बाबांना सांगत नव्हते. हे कासव घरात ठेवणं गुन्हा आहे. माळरानावरून चोरून आणतात, बरकतीसाठी विकतात, म्हणून कायद्याने बंदी. बाबा म्हणजे प्लॅटफॉर्म तिकीट काढल्याशिवाय कुणाला सोडायला न जाणारा माणूस. ऐकलं की लगेच वनखात्याला फोन करतील, हे मला माहीत होतं. आणि बुवा गेले की मागच्या दारातला तो आवाजही गेला. भीती वाटत होती मला, साधी सरळ भीती. शेवटी जेवताना सांगून टाकलं. त्यांनी घास खाली ठेवला. "बघू," एवढंच म्हणाले. सगळ्या आयुष्यात कायद्याच्या बाबतीत "बघू" म्हणताना मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं.

ऑक्टोबरचं ऊन होतं. रविवारी दुपार कलताना बाबांनी हाक मारली, "अगं, लवकर ये, बुवांना काहीतरी होतंय!"

बुवा जास्वंदीच्या बुंध्याशी पाठ करून उभे. मागच्या पायांमधून पाणी सोडून माती भिजवत होते. मग डावा मागचा पाय खाली, मूठभर माती उचलून बाजूला. मग उजवा. मग पुन्हा डावा. एकदाही मागे वळून न बघता! डोकं समोर, नजर भिंतीवर, आणि मागे पायांनी सुरईसारखा खड्डा कोरला जातोय, तोंडाशी अरुंद, आत रुंद. पाय पोचेना तेव्हा अख्खं अंग तिरपं करून खणलं. बाबा कुजबुजले, "कोण शिकवतं गं यांना?" मी म्हटलं, "गप्प बसा, बिचकेल."

आणि मग पहिलं अंडं पडलं. पांढरं, गोल, टेबलटेनिसच्या चेंडूएवढं. मागच्या पायाने ते हळूच कडेला सारलं गेलं, पुढच्याला जागा करून.

"अहो बाबा, तुमचे बुवा बाळंत झाले!"

बाबा इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. मग ते पाणी थांबेचना. अंडी घालून झाल्यावर तिने पायांनीच माती ओढली, पोटाने थापटून थापटून जागा सपाट केली, इतकी की कुणाला कळू नये. कोणासाठी एवढं? तिच्या जातीचं दुसरं कोणी तिने कधी पाहिलं होतं, कोण जाणे.

"बाई आहे हेसुद्धा आपल्याला कळलं नाही," बाबा म्हणाले. "इतकी वर्षं एकटी. मी गप्पा मारतो, पण मी काय कासव आहे?" आणि उठून आत जाऊन त्यांनी स्वतः वनखात्याला फोन लावला.

वनखात्यातली एक तरुण मुलगी गाडी घेऊन आली. बाबांनी दारातच सांगून टाकलं, "गुन्हा आमच्याकडून झालाय." ती म्हणाली, "काका, स्वतःहून फोन केलात. आधी चहा द्या." मी विचारलं, बोरिवलीच्या जंगलात सोडणार का? नाही म्हणाली. तिकडे पाऊस फार, हिची जमीन कोरडी. शिवाय पाळलेल्या कासवाचे रोग रानातल्यांना लागतात. आधी तपासणी, मग हिच्यासारख्या इतरांबरोबर केंद्रात. जमलंच तर पुढे माळरान. अंड्यांत जीव असेल का? "नर नसला तरी सांगता येत नाही. माद्या बीज बराच काळ सांभाळून ठेवतात."

मग तिने बोटांनी माती उकरली आणि प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण केली. "ही खूण वरच राहायला हवी. आत जीव धरला असेल तर फिरवल्यावर मरतो."

"म्हणजे वळवायचं नाही," बाबा म्हणाले.

"अजिबात नाही."

तिने अंडी तशीच न फिरवता मातीने भरलेल्या डब्यात ठेवली. तो डबा बाबांनी दुसऱ्या कुणाला उचलू दिला नाही. दोन्ही हातांत सपाट धरून, एक एक पाऊल जपत गाडीपर्यंत नेला. बुवांना खोक्यात ठेवताना त्या मुलीने सहज विचारलं, "काका, तोंड पुढे करू की मागे?"

"तिला हवं तिकडे करू द्या," बाबा म्हणाले.

गाडी गेली. घर चिडीचूप. मी चहा टाकला, कपात ओतला, त्यांच्यासमोर ठेवला, "घेताय ना?" विचारलं आणि जुन्या सवयीने वाट पाहिली, की आता "हो" म्हणतील आणि संपेल.

बाबा बराच वेळ मागच्या दाराकडे बघत होते. मग खुर्ची माझ्याकडे वळवून बसले. "अगं, तिने खड्डा कसा काढला माहितेय? आधी माती भिजवली. मग डावा पाय..."

मी तिथेच होते. सगळं माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

"मग?" मी म्हटलं.